आकृती पाहा

मी तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावलं. अठ्ठावीस शिक्षक, बावीस वर्ग, एक प्रयोगशाळा. गणिताच्या सरांना शेवटचा तास चालायचा नाही आणि चित्रकलेच्या बाईंना पहिला. तरीही पहिल्या दिवशी घंटा झाली की प्रत्येक वर्गात एक शिक्षक उभा असायचा, आणि दोन कधीच नसायचे. तेव्हा नऊ माणसांकडून एक पुस्तक वाचून घेणं म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मला वाटलं तर त्यात माझं काय चुकलं?

चुकलंच. तेच सांगते.

पुस्तक शरीररचनेचं होतं आणि ते हवं होतं माझ्या भाचीला. तिला आम्ही ठकी म्हणतो. बहीण गेली तेव्हा ही सातवीत होती, तेव्हापासून माझ्याकडेच. तेविसाव्या वर्षी तिला ताप आला, तीन आठवडे मुक्काम ठोकून बसला आणि जाताना दोन्ही डोळ्यांची नजर घेऊन गेला. त्याला सहा वर्षं झाली. आता ती एका कुरिअरच्या ऑफिसात फोन घेते आणि दिवसातून दोनशे वेळा सांगते, "आपलं पार्सल निघालं आहे." तिला फिजिओथेरपीच्या कोर्सला जायचं होतं. तिच्या बोटांना अंगातलं कळतं, हे मी माझ्या आखडलेल्या मानेच्या अनुभवावरून सांगते. पण प्रवेश परीक्षेला वयाची अट तिशीची, आणि ठकी एकोणतीस पूर्ण. म्हणजे ही परीक्षा पहिली आणि हीच शेवटची. हुकली तर जन्मभर पार्सल निघालं आहे.

हल्ली मोबाइल पुस्तकं वाचून दाखवतो, हे मला ठाऊक आहे. मला अडाणी समजू नका. पण हे पुस्तक जुनं, छपाई पुसट, पानापानावर आकृत्या आणि आकृत्यांवर मुंग्यांसारखी बारीक नावं. मोबाइलनं एका पानावर "खांखां स्नास्ना एकदोन एकदोन" असं काहीतरी वाचलं आणि ठकी हसून हसून लोटपोट झाली. मग मी म्हटलं, माणसं गोळा करते.

आमच्या इमारतीतली आणि आसपासची नऊ माणसं तयार झाली. खाली दुकान असलेले शिंपीकाका. बसवरून निवृत्त झालेले कंडक्टर, ज्यांचा आवाज तिसऱ्या गल्लीपर्यंत जातो. वरच्या मजल्यावरची सून. माझा धाकटा भाऊ, ज्याला मी "तू वाचणार आहेस" एवढंच सांगितलं. आणि आणखी पाच जण. मी सहाशे बारा पानांच्या झेरॉक्स काढल्या. भागिले नऊ, प्रत्येकी अडुसष्ट. अडुसष्ट पानांचे नऊ गठ्ठे केले, रबर लावले, वर नावं घातली. परीक्षेला सतरा आठवडे होते, म्हणजे आठवड्याला चार पानं. गणित इतकं सुरेख बसलं की मी तो कागद दोनदा नुसता पाहत बसले.

माझ्या कोठीच्या खोलीत गाद्या उभ्या करून लावल्या, म्हणजे रस्त्याचा आवाज येत नाही. स्टूल, टेबलदिवा, पाण्याचा तांब्या आणि मोबाइल ठेवायला पुस्तकांची चळत. दारावर तक्ता. प्रत्येकाला अर्ध्या तासाची वेळ ठरवून दिली. चार पानं झाली की तक्त्यावर हिरवी खूण, नाही झाली तर लाल.

पहिला महिना माणसं उत्साहानं आली. कंडक्टर तर इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, आवाज रेकॉर्ड होणार म्हणून. शिंपीकाका टेप गळ्यात अडकवूनच यायचे. सून घसा बसू नये म्हणून आधी गरम पाणी प्यायची. मी दाराबाहेर खुर्ची टाकून घड्याळ लावून बसायचे. रेकॉर्डिंग झालं की ते ठकीच्या मोबाइलवर टाकायचे आणि हिरवी खूण करायचे. ठकी ऑफिसातून आली की म्हणायची, "मिळालं गं मावशी, थँक्यू." मला कसं छान वाटायचं.

पाचव्या आठवड्यात गाडं अडलं. कंडक्टरांचा गुडघा धरला. सुनेकडे पाहुणे आले, आणि ते काही जायलाच तयार नव्हते. माझा भाऊ मोबाइलची बॅटरी संपली म्हणाला. एवढ्या कारणावर माणूस चार पानं वाचायची टाळतो, हे मी भावाच्या तोंडावर सांगितलं, तर तो पुढच्या आठवड्यातही आला नाही. तक्ता लाल दिसायला लागला. दिवस तर थांबत नव्हते. बारा आठवडे उरले होते.

शाळेत मी शिक्षकांना नोटीस काढायचे. इथे कोणाला नोटीस काढणार? पगार थोडाच देत होते मी त्यांना. मग मी एक युक्ती केली. युक्ती म्हणजे सरळ थाप. शिंपीकाकांना म्हटलं, "ठकी म्हणते, बाकीच्यांचं ठीक आहे, पण शिंपीकाकांचा आवाज ऐकला की लगेच डोक्यात शिरतं." काकांचा चेहरा उजळला. त्या आठवड्यात त्यांनी नऊ पानं वाचली. मला चटक लागली. सुनेला तेच सांगितलं. कंडक्टरांना तेच. भावाला फोन करून तेच. वाक्य बदलायचं सुद्धा सुचलं नाही, कारण थापा मारायची सवय नाही मला.

तक्ता पुन्हा हिरवा झाला. तीन आठवडे.

मग एका दुपारी शिंपीकाका कंडक्टरांच्या पँटची उंची कमी करत होते. बोलता बोलता काका म्हणाले, आपला आवाज त्या पोरीच्या लगेच डोक्यात शिरतो. कंडक्टर म्हणाले, तुमचा कसा शिरेल, माझा शिरतो. शब्द न् शब्द सारखा निघाला. कंडक्टर अर्धी टाचलेली पँट तशीच घालून वर आले, मागून काका. ठकीला त्या दिवशी सुट्टी होती. ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती.

"बाई, आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का?" कंडक्टर मला म्हणाले. "गोळी दिली की गप्प बसणारी?"

मी काहीतरी गोल गोल बोलायला लागले. त्यांनी मला बाजूला केलं आणि सरळ ठकीलाच विचारलं, "खरं सांग बेटा. माझा आवाज आवडतो का तुला?"

ठकी शेंगांवरचा हात थांबवून म्हणाली, "काका, मी तुमचा आवाज अजून ऐकलाच नाही."

 मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "अगं, कंडक्टरकाकांची तीस पानं पाठवली आहेत तुला."

"पहिला गठ्ठा शिंपीकाकांचा ना, तो ओळीनं ऐकत होते. विसाव्या पानाला थांबले मी, मावशी. तीन आठवडे झाले."

आठ आठवड्यांचं काम, नऊ माणसांचं, आणि ती विसाव्या पानावर. मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू, सणकून राग आला. मी म्हटलं, "आणि रोज थँक्यू म्हणत होतीस ते?"

"तू एवढी धडपडत होतीस. तुला कसं सांगू?"

म्हणजे मी त्यांना थापा मारत होते आणि ती मला. एका घरात राहून दोघींना पत्ता नाही.

"पण थांबलीस का?" शिंपीकाकांनी विचारलं. माणूस भला. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

ठकीनं मोबाइल काढला आणि त्यांचंच रेकॉर्डिंग लावलं. काकांचा आवाज आला, सावकाश, स्वच्छ. "खांद्याच्या सांध्याची रचना आकृती सातमध्ये दाखवली आहे. आकृती सात पाहा. त्यातील अ आणि ब या भागांमधील फरक लक्षात घ्या. आता आकृती आठ पाहा." मग पान उलटल्याचा आवाज. मग काका म्हणाले, "वरचा स्नायू पुढे जाऊन" आणि रेकॉर्डिंग बंद. तिथे त्यांची त्या आठवड्याची चार पानं संपली होती. पुढे जाऊन त्या स्नायूचं काय झालं ते पुढच्या आठवड्यात.

मी ती पानं कुठे तोडली होती? पान क्रमांक बघून. वाक्य बघून नाही, धडा बघून नाही. वर्गातला तास घंटा झाली की संपतो, वाक्य अर्धं असलं तरी. मी तीस वर्षं तेच केलं होतं.

"आकृती पाहा, आकृती पाहा," ठकी म्हणाली. "शंभरदा ऐकलं. कुठे पाहू?"

शिंपीकाका म्हणाले, "एवढी पानं वाचली मी. मला एकदाही कसं लक्षात आलं नाही?" आम्हाला कोणालाच आलं नव्हतं. कोणासाठी वाचतोय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि वाचताना समोर कागदच होता, ती नव्हती. तिला त्रास नको म्हणून मीच तिला कोठीच्या खोलीपासून लांब ठेवलं होतं.

"मग काय बोलायला हवं होतं?" काका म्हणाले.

"मला दाखवा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग ठकीची परवानगी घेतली आणि ते तिच्या मागे उभे राहिले. त्यांनी आकृतीचा कागद माझ्या हातात दिला आणि माप घेताना ठेवतात तशी दोन बोटं तिच्या खांद्यावर ठेवली. "हे बघ, बाही जिथे जोडतो तो मुंढा. त्याच्या आत हाडाचा गोळा आहे, लिंबाएवढा. तो बशीत बसलाय, पण बशी उथळ आहे. म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच निखळतो. आता हात वर कर. कळला का गोळा फिरलेला?"

ठकीनं हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. "हे वाचा ना तुम्ही," ती म्हणाली. "हेच वाचा."

त्या रविवारी तिनं सगळ्यांना बोलावलं. मी नाही, तिनं. आठ जण आले. नवव्यानं जमणार नाही म्हणून कळवलं. ठकीनं कोणाचंही कौतुक केलं नाही. परीक्षा कधी आहे आणि नापास झाले तर काय, एवढं सांगितलं. मग गठ्ठे सोडले, आणि पानांऐवजी धडे वाटले. हात आणि खांदे शिंपीकाकांना. पाय, गुडघे आणि तोल कंडक्टरांना, कारण चालत्या बसमध्ये चौतीस वर्षं उभं राहिलेला माणूस आणखी कुठे मिळणार. श्वास सुनेला, ती गाणं शिकलेली. भावाला पचनसंस्था, यावर सगळे हसले आणि तोही हसला. नवव्याच्या वाट्याचे धडे सगळ्यांनी वाटून घेतले. तक्ता ठकीनं माझ्याकडून काढून घेतला नाही, पण त्यावरच्या रंगांचं आता कोणाला काही राहिलं नव्हतं.

कारण दर सोमवारी ठकीच्या तक्रारी यायला लागल्या. कंडक्टरकाका, पोटरीच्या धड्यात डावा म्हणालात की उजवा? ताई, फासळ्या वरून मोजल्यात की खालून? मामा, जांभई कापून टाका. मला वाटलं, आता माणसं पळणार. मी थाप मारून गोड बोलत होते तर टिकेनात, ही चुका काढते. पण कंडक्टर त्याच दुपारी गुडघा धरून जिने चढून आले. "डावाच," दारातून म्हणाले. "मी उजव्यावर हात ठेवून डावा वाचलं. परत घ्या." सून पाहुण्यांना चहा देऊन तशीच वर-खाली करायची. माझा भाऊ यकृताबद्दल मला फोनवर समजावून सांगायला लागला. नोटीस नाही, खूण नाही, काही नाही. मला थोडं लागलं, हे कबूल करते. तीस वर्षांत माझ्या वेळापत्रकासाठी कोणी जिने चढून आलं नव्हतं.

परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा ठकीनं धड्यांची यादी तोंडी म्हणून घेतली. अठरावा झाला. मग म्हणाली, "अठरानंतर वीस?"

मी भांडी लावत होते. "एकोणिसावा अभ्यासक्रमात नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजच्या ऑफिसात फोन केला. संध्याकाळी घरी आली, चप्पल काढली, काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "मावशी, एकोणिसावा धडा डोळ्याचा आहे. आणि परीक्षेला आहे."

पुस्तक सहाशे तीस पानांचं होतं. झेरॉक्स काढायच्या दिवशीच मी ती अठरा पानं वगळली होती. दुकानदारानं विचारलं सुद्धा, मधली राहिली का म्हणून. राहू दे म्हटलं. तिला ऐकावं लागू नये, एवढंच डोक्यात होतं. ती थोड्या गुणांनी हुकली असती तर माझ्या या मायेनं हुकली असती. हे तिनं मला ऐकवलं नाही. मीच मला ऐकवते, अजूनही.

"कोणाला देऊया?" मी विचारलं. "कंडक्टरांचे धडे संपलेत."

"तू वाच."

मी एवढ्या महिन्यांत एकही पान वाचलं नव्हतं. दाराबाहेरच्या खुर्चीतून आत गेले नव्हते. "मला जमणार नाही," मी म्हटलं.

"मग मी नापास होईन," ती म्हणाली, पार्सल निघालं आहे म्हणते त्याच आवाजात.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी त्या गाद्यांमध्ये बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. मी वाचायला लागले. पापणी, बुबुळ, बाहुली, मागचा पडदा. प्रत्येक नावाला बोट तिच्या चेहऱ्यावर, सगळ्यांना तिनं तेच शिकवलं होतं. पाचवी आकृती आली. डोळ्याच्या मागून निघणाऱ्या दोन नसा आत जाऊन एकमेकींना ओलांडतात, ती जागा. मी वाचायची थांबले.

"काय आहे आकृतीत?"

मी माझी बोटं तिच्या दोन्ही कानशिलांवर ठेवली. "इथून सरळ आत. अगदी मधोमध. तिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात."

तिनं विचारलं, "माझं तिथे गेलं का?"

सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून, कागदावर हेच चित्र काढून सांगितलं होतं. मी घरी येऊन एवढंच म्हटलं होतं की तापानं झालं. तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

"तिथेच," मी म्हटलं. "तापात सूज आली आणि दोन्ही नसा तिथे दाबल्या गेल्या."

"म्हणजे डोळे चांगले आहेत?"

"डोळे अगदी चांगले आहेत."

"मला वाटायचं, थेंबांमुळे झालं," ठकी म्हणाली. "डॉक्टरांनी थेंब दिले होते ना, दिवसातून चारदा. मी दुपारचे घालायचा कंटाळा करायचे. तुला सांगायचे घातले म्हणून."

"ते थेंब नुसते डोळे कोरडे पडू नयेत म्हणून होते. त्यांचा काही संबंध नव्हता."

"काहीच नाही?"

"काहीच नाही गं."

सहा वर्षं ही मुलगी दुपारच्या थेंबांचं ओझं घेऊन फिरत होती, आणि माझ्याकडे ते उतरवायला एक वाक्य होतं. मला हुंदका आवरेना. तिनं माझे हात कानशिलांवर तसेच धरून ठेवले. मग म्हणाली, "चल, पुढे. अजून अकरा पानं आहेत." मी पदरानं तोंड पुसून वाचायला घेतलं.

परीक्षा झाली. महिन्याभरानं यादी लागली. जागा वीस, ठकीचं नाव अकरावं. तिनं एकेकाला स्वतः फोन केला आणि कोणाच्या धड्यातलं काय काय आलं होतं ते सांगितलं. कंडक्टरांना तोलाचा प्रश्न सांगितला तेव्हा त्यांचा आवाज फोनबाहेर मला ऐकू आला.

सगळ्यांचे फोन झाल्यावर मी विचारलं, "आणि माझ्या धड्यातलं?"

"तीन प्रश्न होते. दोन बरोबर आले."

"तिसरा?"

"रंग कसे दिसतात त्याचा. ते पान तू भराभर उरकलंस, मावशी."

मी म्हटलं, "हो. उरकलं."

"परत वाच," ती म्हणाली. "कोर्सला लागणार आहे."